कार्ल फोरमन: पडद्यावरून नाव गेलेला लेखक निर्माता का झाला?

पटकथा शिकणाऱ्या एका मुलीने विचारलं आहे: ‘हाय नून’सारखी चोख, एकही फाजील प्रसंग नसलेली पटकथा लिहिणारा कार्ल फोरमन पुढे ‘मॅकेनाज गोल्ड’सारखा ऐसपैस सिनेमा कसा लिहितो? निर्माता झाल्यामुळे त्याच्यातला लेखक बिघडला का? तिला स्वतःलाही एका चित्रपटात ‘लेखनाबरोबर निर्मितीतही ये’ असं सुचवलं गेलंय, म्हणून उत्तर जरा घाईचं आहे.

मी बरीच वर्षं पटकथा लिहितोय आणि शिकवतोय, आणि फोरमन माझ्या वर्गात हटकून येतो. माझं मत आधीच सांगतो. तो लेखक म्हणून बिघडला नाही, सैलावला. आणि निर्माता झाला तो पैशाच्या ओढीने कमी, पडद्यावरचं आपलं नाव दुसऱ्या कुणाच्या हातात राहू नये म्हणून जास्त. एकदा हे लक्षात घेतलं की त्याच्या कारकिर्दीतल्या विसंगत वाटणाऱ्या बऱ्याच गोष्टी जागच्या जागी बसतात. सगळ्या नाही.

फोरमनचा जन्म १९१४चा, शिकागोतल्या रशियन ज्यू स्थलांतरित कुटुंबातला. कायद्याचं शिक्षण अर्धवट सोडून तो हॉलिवूडला गेला आणि बराच काळ पडेल ती कामं करत राहिला. पडद्यावर त्याचं नाव पहिल्यांदा लागलं ते मोनोग्रामसारख्या छोट्या कंपनीच्या स्वस्त सिनेमांवर. बेला लुगोसी असलेला १९४१चा ‘स्पूक्स रन वाइल्ड’ हा त्यातलाच. थोड्या दिवसांत, थोड्या पैशांत आणि ठरलेल्या चेहऱ्यांवर हे सिनेमे उरकले जायचे. त्याला नावं ठेवायचं कारण नाही. कमी सेटवर गोष्ट कशी हलती ठेवायची हे माणूस अशाच ठिकाणी शिकतो. युद्धकाळात तो दिग्दर्शक फ्रँक काप्राच्या लष्करी माहितीपट विभागात होता. गंमत म्हणजे १९४५च्या ‘डकोटा’ या वेस्टर्नची कथा त्याची होती आणि नायक होता जॉन वेन. हे नाव पुढे पुन्हा यायचंय, वेगळ्याच भूमिकेत.

युद्धानंतर फोरमन आणि निर्माता स्टॅनली क्रेमर यांची जोडी जमली. मोठ्या स्टुडिओंच्या छत्राबाहेर राहून लहान खर्चाचे, पण विषयाला धार असलेले सिनेमे काढायचे हा त्यांचा बेत होता. पहिला प्रयत्न पडला. दुसरा, १९४९चा ‘चॅम्पियन’, असा चालला की कर्क डग्लस त्यातून तारा झाला आणि फोरमनला पटकथेचं पहिलं ऑस्कर नामांकन मिळालं. त्याच वर्षी ‘होम ऑफ द ब्रेव्ह’ आला. मूळ नाटकात सैन्यातल्या ज्यू सैनिकाला सोसावा लागणारा द्वेष होता. फोरमनने त्या जागी कृष्णवर्णीय सैनिक आणला, आणि चित्रीकरण गुपचूप, खोट्या नावाने झालं. ते खोटं नाव होतं ‘हाय नून’. १९५०च्या ‘द मेन’साठी त्याने युद्धात कमरेखाली लुळ्या पडलेल्या सैनिकांच्या रुग्णालयात जाऊन त्यांच्याशी बोलून लेखन केलं. मार्लन ब्रँडोचा हा पहिला चित्रपट. दुसरं नामांकन.

आता ‘हाय नून’. इथे मी थांबणार आहे, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे.

कल्पना साधी. नुकतंच लग्न होऊन नोकरी सोडणाऱ्या मार्शलला, म्हणजे गावच्या पोलीसप्रमुखाला, कळतं की त्यानेच तुरुंगात पाठवलेला फ्रँक मिलर सुटलाय आणि दुपारी बाराच्या गाडीने सूड घ्यायला येतोय. त्याचे तीन साथीदार स्टेशनवर येऊन बसलेत. गावातून चार माणसं जमवायला मार्शलकडे जेमतेम दीड तास आहे. सिनेमा साधारण ८५ मिनिटांचा, म्हणजे गोष्टीतला वेळ आणि प्रेक्षागृहातला वेळ जवळपास जोडीने चालतो. भिंतीवरची घड्याळं मुद्दाम दिसत राहतात. खर्च साडेसात लाख डॉलरच्या आसपास, आणि मार्शलचं काम करणाऱ्या गॅरी कूपरने नेहमीपेक्षा बराच कमी मोबदला घेतला.

बहुतेक जण घड्याळांचं कौतुक करतात. मी विद्यार्थ्यांना नकार मोजायला सांगतो. ही पटकथा म्हणजे एकामागून एक आलेले नकार आहेत, आणि एकही नकार दुसऱ्यासारखा नाही. न्यायाधीश भिंतीवरचा झेंडा उतरवून घडी घालतो, न्यायाचा तराजू पिशवीत टाकतो आणि मार्शललाही पळून जायचा सल्ला देतो. हाताखालच्या अधिकाऱ्याला मदतीच्या बदल्यात पद हवंय. एक मित्र घरात लपतो आणि बायकोला दारात पाठवून ‘घरी नाहीत’ म्हणायला लावतो. म्हातारा जुना मार्शल संधिवाताने वाकडे झालेले हात दाखवतो. एक जण स्वतःहून आलेला असतो, पण आपण एकटेच आहोत हे कळताच त्याला बायकामुलं आठवतात. मदतीला खरोखर तयार कोण? एक दारुडा आणि एक पोरगा. त्यांना मार्शलच परत पाठवतो.

आणि चर्चमधला तो प्रसंग. हेंडरसन उठतो आणि मार्शलची इतकी मनापासून स्तुती करतो की आता सगळे उठतील असं वाटतं. मग त्याच सुरात, आवाज जराही न चढवता, तो मुद्द्यावर येतो: उत्तरेकडचे लोक या गावात पैसा घालायच्या विचारात आहेत, रस्त्यावर गोळीबार झाला तर ते बिचकतील, तेव्हा मार्शलने आत्ताच्या आत्ता गाव सोडावं हेच सगळ्यांच्या भल्याचं. एकाच भाषणात पाठिंब्याचं रूपांतर हकालपट्टीत होतं आणि बोलणाऱ्याला आपण काही वाईट केलं असं वाटतही नाही. संवादलेखन शिकायचं तर हे भाषण हाताने उतरवून काढा. कुठल्या वाक्यावर बाजू बदलली ते शोधायला दोन-तीनदा वाचावं लागतं.

हे इतकं अचूक का उतरलं? फोरमन तेव्हा नेमकं हेच भोगत होता. तरुणपणी काही वर्षं तो कम्युनिस्ट पक्षाचा सदस्य होता, नंतर त्याने पक्ष सोडला. १९४७मध्ये अमेरिकी संसदेची अमेरिकाविरोधी कारवाया चौकशी समिती हॉलिवूडमधले कम्युनिस्ट शोधू लागली. बोलावलेल्यांपैकी दहा जणांनी उत्तरं नाकारली आणि ते तुरुंगात गेले. १९५१मध्ये दुसरी फेरी सुरू झाली. ‘हाय नून’ची पटकथा लिहीत असतानाच फोरमनला समन्स आलं. गोष्टीचं बीज त्याआधीचं होतं, ‘कोलियर्स’ मासिकातल्या ‘द टिन स्टार’ या कथेचे हक्कही घेतलेले होते, आणि सुरुवातीला त्याच्या डोक्यात संयुक्त राष्ट्रांचं रूपक होतं. समन्सनंतर ते रूपक मागे पडलं. ओळखीची माणसं रस्ता बदलायला लागली आणि त्यांची वाक्यं पटकथेत यायला लागली, असं त्यानेच नंतर सांगितलं.

२४ सप्टेंबर १९५१ला, चित्रीकरण चालू असताना, तो समितीपुढे गेला. आज आपण सदस्य नाही एवढं त्याने सांगितलं. पूर्वीबद्दल बोलायला आणि पक्षातल्या इतरांची नावं द्यायला नकार दिला. समितीला माहिती नको होती, नावं हवी होती. बरीचशी नावं तिच्याकडे आधीपासूनच होती. तिला माणसाला नमवायचं होतं.

क्रेमरची कंपनी तेव्हा कोलंबिया स्टुडिओशी मोठा करार करून बसली होती. भागीदारी मोडली आणि फोरमनला त्याच्या वाट्याचे पैसे देऊन बाहेर काढण्यात आलं. क्रेमरच्या बाजूचे लोक ही हकीकत वेगळी सांगतात. सिनेमा संकलनात कुणी तारला यावरही वेगळा वाद आहे, त्यात मी शिरत नाही. ज्यावर वाद नाही ते एवढं: सिनेमा लागला तेव्हा सहनिर्माता म्हणून फोरमनचं नाव त्यावर नव्हतं. पटकथाकार म्हणून होतं.

हा फरक कसा पडला ते समजून घ्या, धंद्यातल्या माणसाला हे माहीत हवं. पटकथेचं श्रेय लेखकांच्या संघटनेच्या करारामुळे तेव्हा सुरक्षित होतं. निर्मितीचं श्रेय ही भागीदारांमधली खासगी बाब होती, तिला कुणी वाली नव्हता. पण ते कवचही फार टिकलं नाही. १९५२मध्येच आरकेओ स्टुडिओच्या हॉवर्ड ह्यूजने ‘द लास वेगास स्टोरी’वरून पॉल जारिको या लेखकाचं नाव काढून टाकलं. संघटना कोर्टात गेली आणि हरली. मग संघटनेनेच पुढच्या करारात मान तुकवली: समितीपुढे जो स्वतःला निर्दोष ठरवून घेणार नाही, त्याचं नाव स्टुडिओने वगळलं तरी चालेल.

कूपरची गोष्ट इथे सांगायला हवी, कारण ती सोपी नाही. कूपर कट्टर उजव्या विचारांचा, १९४७मध्ये समितीपुढे स्वतःहून साक्ष दिलेला. तरी या सिनेमात तो फोरमनच्या पाठीशी उभा राहिला आणि फोरमन काढणार असलेल्या नव्या कंपनीत पैसे घालायलाही तयार झाला. मग चहूबाजूंनी दबाव आला आणि त्याने माघार घेतली. फोरमनने त्याला कधी दोष दिला नाही. मोठ्या लोकांपैकी प्रयत्न तरी कुणी केला असेल तर यानेच, असं तो म्हणत राहिला. दबाव आणणाऱ्यांत पुढे होता जॉन वेन. १९५३मध्ये कूपरला या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं तेव्हा कूपर हजर नव्हता. बाहुली घ्यायला मंचावर वेनच गेला, आणि ही भूमिका आपल्याला का मिळाली नाही असा विनोदही त्याने केला. पुढे १९७१च्या मुलाखतीत त्याने याच सिनेमावर अमेरिकाविरोधी म्हणून तोंडसुख घेतलं आणि फोरमनला देशाबाहेर घालवण्यात आपला हात होता याचं आपल्याला दुःख नाही, असंही सांगितलं. पटकथेचं ऑस्कर मात्र फोरमनला मिळालं नाही. नुसतं नामांकन, तिसरं.

१९५२मध्ये तो लंडनला गेला. तिथली पहिली वर्षं हलाखीची म्हणता येतील. ‘द स्लीपिंग टायगर’ हा १९५४चा सिनेमा जोसेफ लोझीने दिग्दर्शित केला, फोरमनने हॅरॉल्ड बुकमनबरोबर लिहिला, आणि दोघांचं मिळून डेरेक फ्राय हे बनावट नाव लागलं. तिघंही हॉलिवूडने हाकललेले.

याच काळात त्याने पिअर बूल या फ्रेंच लेखकाच्या कादंबरीवर नजर ठेवली आणि हक्क मिळवले. तीच ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’. हक्क निर्माता सॅम स्पीगलकडे गेले, फोरमनने पटकथा लिहिली, दिग्दर्शक डेव्हिड लीनला ती रुचली नाही, आणि मग मायकेल विल्सनला बोलावलं. तोही काळ्या यादीतलाच, म्हणजे हॉलिवूडने काम द्यायचं नाही असं ठरवलेल्यांपैकी. चित्रीकरण सिलोनमध्ये, आजच्या श्रीलंकेत झालं. १९५७च्या या सिनेमाला सात ऑस्कर मिळाली, त्यातलं एक पटकथेचं. ते मिळालं पिअर बूलला! पडद्यावर नाव त्याचं एकट्याचं होतं, आणि त्याने ही इंग्रजी पटकथा लिहिलीच नव्हती. हॉलिवूडमध्ये हे किती जणांना माहीत होतं? बहुतेक सगळ्यांना. चूक ऑस्कर देणाऱ्या अकादमीने दुरुस्त केली १९८४मध्ये. विल्सन १९७८मध्येच वारला होता, फोरमन १९८४च्या जूनमध्ये गेला. बाहुल्या दोघांच्या पत्नींनी घेतल्या.

मलाही हा अनुभव थोडाफार आहे. एका मालिकेचे लिहिलेले भाग माझ्या नावाशिवाय प्रसारित झाले. कुठली, कुणाची, ते सोडा. त्या अनुभवावरून एवढं कळतं की पैसे मिळाले तरी ती बोच जात नाही, आणि पुढच्या वेळी माणूस करार वेगळ्या डोळ्यांनी वाचतो.

फोरमनने नेमकं तेच केलं. १९५६मध्ये तो पुन्हा समितीपुढे गेला, या वेळी बंद दाराआड. आपण सदस्य होतो हे मान्य केलं, पक्षावर टीका केली, पण कुणाचंही नाव दिलं नाही. जुन्या सोबत्यांपैकी काहींना हे रुचलं नाही, आणि उजव्यांना तर हा सौदा वाटला. माझ्या मते नावं न देता सुटणं ही तेव्हा मोठी गोष्ट होती, पण हा दरवाजा प्रत्येकासाठी उघडला गेला नाही हेही खरं. त्यानंतर कोलंबियाने लंडनमधल्या त्याच्या कंपनीशी करार केला. इथून पुढे तो स्वतःच्या सिनेमांचा निर्माता.

आपल्याकडे निर्माता म्हटलं की पैसे घालणारा डोळ्यांसमोर येतो. फोरमन ज्या अर्थाने निर्माता झाला त्यात पैसा कोलंबियाचा होता. कादंबरी निवडणं, पटकथा लिहिणं, दिग्दर्शक नेमणं, तो जमला नाही तर बदलणं, नट ठरवणं आणि शेवटची प्रत मंजूर करणं हे सगळं त्याच्याकडे. ‘द गन्स ऑफ नॅव्हरोन’चा पहिला दिग्दर्शक अलेक्झांडर मॅकेंड्रिक होता. त्याला काढून जे. ली थॉम्प्सनला आणलं गेलं. ज्याला एकदा बाहेर काढलं होतं, तो आता काढणारा झाला. निर्मात्याच्या खुर्चीला हा भाग चिकटलेलाच असतो, तुम्हीही तो गृहीत धरा.

१९६१चा ‘नॅव्हरोन’ प्रचंड चालला, आणि रूपांतर कसं करावं याचा चांगला नमुना आहे. अॅलिस्टर मॅक्लीनच्या, दुसऱ्या महायुद्धातल्या एका मोहिमेवरच्या कादंबरीत ग्रीक बंडखोर पुरुष आहेत. फोरमनने त्या जागी दोन स्त्रिया आणल्या आणि गद्दार त्यातली एक ठरवली. कादंबरीत नसलेली मोठी भर म्हणजे मोहिमेवरच्या मॅलरी आणि मिलर या दोघांमधला झगडा: मोहिमेसाठी आपल्याच माणसाचा किती वापर करायचा, आणि गद्दाराला गोळी कुणी घालायची? हे साहसपटातलं भाषण आहे, त्याला जागा अपुरी आहे, तरी ते तिथे आहे. ‘हाय नून’चा लेखक अजून जागा होता. नामांकन पुन्हा मिळालं.

मग १९६३चा ‘द व्हिक्टर्स’. लेखन, निर्मिती आणि दिग्दर्शन तिन्ही त्याचं, दिग्दर्शन आयुष्यात हे एकदाच. युद्धपट, पण लढाई जवळजवळ नाही. तुटक प्रसंगांची माळ आहे आणि बरेच प्रसंग एकमेकांना धरत नाहीत. पण एक प्रसंग असा आहे की तेवढ्यासाठी सिनेमा पाहावा. नाताळच्या दिवसांत, बर्फात, पळून गेलेल्या एका अमेरिकी सैनिकाला त्याच्याच सैन्याकडून गोळ्या घातल्या जातात, आणि मागे फ्रँक सिनात्राच्या आवाजात नाताळचं गोड गाणं वाजतं. सिनेमा फारसा चालला नाही. पटकथा मात्र नेमकी इथून सैलावायला लागते, हे माझं निरीक्षण. लेखकाला ‘हा प्रसंग काढ’ म्हणणारा माणूस म्हणजे निर्माता किंवा दिग्दर्शक. तिन्ही पदं एकाच माणसाकडे गेल्यावर हे म्हणायला खोलीत कुणी उरत नाही.

निर्माता म्हणून त्याची नजर मात्र शाबूत होती. पीटर सेलर्स तीन भूमिकांत असलेला ‘द माऊस दॅट रोअर्ड’ त्याच्या पाठबळाने आला. सिंहिणीची गोष्ट सांगणारा ‘बॉर्न फ्री’ १९६६मध्ये त्यानेच सादर केला. तो लिहिला होता लेस्टर कोलने, १९४७च्या त्या दहा जणांपैकी एकाने, आणि पडद्यावर नाव होतं जेराल्ड एल. सी. कोपली. म्हणजे स्वतःच्या नावासाठी एवढा झगडलेल्या माणसाच्या छत्राखालीही दुसऱ्या बहिष्कृताचं नाव झाकलेलंच राहिलं. माझ्या मताला हा मोठा तडा आहे. तो बुजवायचा मी प्रयत्न करत नाही.

‘मॅकेनाज गोल्ड’ १९६९चा, फोरमन आणि संगीतकार दिमित्री टिओमकिन यांची निर्मिती. अमेरिकेत पडला. आपल्याकडे तुफान चालला, वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा लागत राहिला. सुळक्याची सावली सरकत जाऊन सोन्याची वाट दाखवते तो प्रसंग आमच्या पिढीतल्या लोकांना आजही पाठ असतो. पण पटकथा म्हणून पाहा: एवढे मोठे नट एका घोळक्यात आणले जातात आणि ओळख होते न होते तोच मारले जातात. नावं पोस्टरसाठी होती, गोष्टीसाठी नव्हती. तरी त्या घोळक्यात कोण आहे हे बघा. धर्मोपदेशक, वर्तमानपत्राचा संपादक, दुकानदार. ‘हाय नून’च्या चर्चमधली प्रतिष्ठित मंडळी उठून सोन्यामागे लागलीत. आणि संपादकाच्या भूमिकेत आहे ली जे. कॉब, ज्याने १९५३मध्ये समितीला नावं दिली होती. फोरमनने त्याला घेतलं. यातून क्षमा वाचायची की व्यवहार, ते प्रत्येकाने ठरवावं. याच चित्रीकरणावर फोरमनने चार चित्रपट-विद्यार्थ्यांना लघुपट करायला बोलावलं होतं, आणि त्यातला एक होता जॉर्ज लुकास.

शेवटचं मोठं काम ‘यंग विन्स्टन’, १९७२. चर्चिलच्या तरुणपणाच्या आत्मकथनावरून, त्यात वायव्य सरहद्दीवरची लढाईही येते. दिग्दर्शक म्हणून त्याने रिचर्ड अॅटनबरोला घेतलं, जो तेव्हा ‘गांधी’ काढायच्या खटपटीत वर्षानुवर्षं होता. पटकथेचं आणखी एक नामांकन, शेवटचं. एव्हाना ब्रिटनने त्याला सीबीई हा किताब दिला होता. १९७५मध्ये तो अमेरिकेला परतला, पण त्यानंतरचं काम सोडून दिलं तरी चालेल.

आता तुमच्या निर्णयाकडे. निर्मितीत जा, पण तीन गोष्टी करारात वेगवेगळ्या लिहून घ्या. लेखनाचं श्रेय एका कलमात, निर्मितीचं दुसऱ्यात, आणि तुम्ही मध्येच बाहेर पडलात तर दोन्हींचं काय होईल ते तिसऱ्यात. फोरमन ज्या फटीत सापडला ती हीच. २०१२च्या कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीनंतर लेखकाचा रॉयल्टीचा हक्क सहजासहजी लिहून घेता येत नाही, पण श्रेयाची काळजी तुम्हालाच घ्यावी लागते. मुंबईतल्या पटकथालेखक संघटनेकडे संहितेची नोंदणी करा आणि सहीआधी करार त्यांच्याकडून वाचून घ्या. शिवाय, स्वतःच्या पटकथेवर ‘नाही’ म्हणायचा अधिकार असलेला एक माणूस चित्रपटात ठेवा. तो दिग्दर्शक असेल तर उत्तम.

पाहायचं असेल तर ‘चॅम्पियन’, ‘हाय नून’, ‘नॅव्हरोन’, ‘व्हिक्टर्स’ या क्रमाने पाहा आणि प्रत्येकात किती प्रसंग काढून टाकता येतील ते मोजा. ‘व्हिक्टर्स’च्या कापलेल्या प्रतीही फिरतात, तेव्हा आधी लांबी बघून घ्या. पूर्ण सिनेमा तीन तासांच्या घरात जातो.